डायलिसिसवाल्या पोरांना शिकवायचं कुणी?

सुईदोरा

नमस्कार मंडळी. इथं मी बहुतेक वाचनमात्रच असते, रेसिपीच्या धाग्यावर कधीतरी तोंड घालते तेवढंच, पण आज जरा कामाचं विचारायचंय. मी डायलिसिस टेक्निशियन, १४ वर्षं झाली, सध्या सांगली जिल्ह्यात एका ट्रस्टच्या सेंटरला आहे. ८ मशिनं, तीन शिफ्टा, नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, सर आठवड्यातनं एकदा येतात, बाकी सगळं फोनवर.

गेल्या महिन्यात एक पोरगा जॉइन झाला. एक वर्षाचा कोर्स केलाय, सर्टिफिकेट लॅमिनेट करून आणलेलं. पहिल्या दिवशी मी म्हटलं लाइन प्राइम कर, म्हणजे नळ्या सलाईननं भरून हवा काढ, तर तो मशिनकडं बघतोय आणि मशिन त्याच्याकडं. नंतर चहाला बसल्यावर खरं काय ते बोलला बिचारा, की अख्ख्या वर्षात मशिनपाशी उभं राहायला मिळालं ते चार-पाच दिवस आणि तेही पुसायला. सुई एकदाही टोचलेली नाही. नेफ्रॉनची, म्हणजे किडनीतल्या बारीक गाळणीची, आकृती मात्र डोळे मिटून काढतो, हेन्लेच्या लूपसकट.

आता मॅनेजमेंट म्हणतंय की मॅडम तुम्हीच तीन महिन्यांचं ट्रेनिंग बसवा, हा आणि पुढं येणारे सगळे त्यातनंच जातील. गंमत अशी की मला स्वतःला कुणी बसवून शिकवलंच नाही, एक केरळी सिस्टर होत्या, त्यांच्या मागंमागं फिरत शिकले, चुकलं की त्या मनगटावर चापट मारायच्या आणि मल्याळममध्ये काहीतरी पुटपुटायच्या, ते काय होतं ते विचारायचं धाडस आजवर झालं नाही.

वहीत पहिलं पान लिहिलंय ते सांगते. पहिला धडा मशिनचा नाही, चादरीचा. एसी असतो, पेशंट कुडकुडतात, चादर गळ्यापर्यंत ओढून झोपतात. फिस्टुलाचा हात (सुया टोचायला ऑपरेशन करून शीर धमनीला जोडलेली असते तो) चादरीखाली गेला आणि रक्त परत नेणारी सुई निसटली तर पंप काही थांबत नाही, मिनिटाला ३०० मिली म्हणजे पाच मिनिटांत दीड लिटर रक्त गादीत. अलार्म वाजेल म्हणून बसाल तर दरवेळी वाजतोच असं नाही, कारण अलार्म ज्या प्रेशरवर चालतो तो बराचसा सुईच्या बारीक तोंडामुळंच तयार झालेला असतो, सुई बाहेर आली तरी तो म्हणावा तसा पडत नाही, त्यात कुणी लिमिट रुंद करून ठेवलं असेल तर संपलंच. म्हणून हात कायम चादरीबाहेर, बाकी पेशंटला दोन घोंगड्या द्या हवं तर. हे कुठल्याही कोर्सच्या पोराला मी अजून माहीत असलेलं बघितलेलं नाही.

तर प्रश्न असा की पुढची पानं काय लिहू? इथं डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत, पेशंटच्या घरचे पण असतील. पुस्तकी नको, आपण काय बघितलं ते सांगा.

चिंचगूळ

वाचतेय. पहिल्याच धड्याने पोटात गोळा आला. सासरे दोन वर्षं डायलिसिसवर होते, चादर मीच पांघरायचे आणि हातावर पण नीट ओढून द्यायचे. कुणी एका शब्दाने बोललं नाही.

माईंचा_बंड्या

सुईदोरा ताई, धागा चांगला आहे पण माझा सूर वेगळा लागणार, आधीच माफी.

माझी आई सोमवार-गुरुवार जाते, चौथं वर्ष. दर काही महिन्यांनी नवीन मुलगा/मुलगी येते आणि शिकायला आईचाच हात. मागच्या पावसाळ्यात एकाने तीन वेळा टोचलं, बाहेरून सगळा हात काळानिळा झाला, आठवडाभर फुगलेला, मग मानेत तात्पुरती नळी घालायला लागली. पैसे गेले ते गेले, मानेला नळी घेऊन आई देवळात जायची लाजायची ते जास्त लागलं. कुणी विचारलं नव्हतं की मावशी हा नवीन आहे, चालेल का. म्हणजे ट्रेनिंग हवंच, पण कुणाच्या जिवावर ते पण लिहा तुमच्या वहीत.

सुईदोरा

@बंड्या, माफी कशाला, अगदी बरोबर बोललात. याच भीतीनं मी त्या पोराला अजून सुई दिलेली नाही. आणि खरं सांगते, १४ वर्षांपूर्वी मी पण कुणाच्यातरी आईच्या हातावरच शिकले.

सिस्टर_रिटायर्ड

मी सरकारी नोकरीत ३१ वर्षं, त्यातली ९ डायलिसिसला. तुम्ही काय शिकवायचं विचारताय, मी सांगते शिकवलेलं टिकत का नाही. आमच्याकडे डायलिसिस युनिट ही इतर वॉर्डांसारखीच एक पोस्टिंग. सहा महिने घासून एका सिस्टरला तयार करायचं, तिला फिस्टुलाला हात लावून कळायला लागतं की आज थरथर कमी आहे, आणि तेवढ्यात ऑर्डर, तुमची बदली प्रसूती कक्षात. तिच्या जागी येते ती सर्जरीतून. पुन्हा पहिल्यापासून. तिथं ट्रेनिंगचं पुस्तक सोन्याच्या अक्षरांत छापा, काय उपयोग? ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरला कुणी सहज हलवत नाहीत, मग आम्हालाच का?

आणि दुसरं. शिकवणाऱ्याला वेळ कुठून आणायचा? माझे स्वतःचे चार पेशंट मशिनवर, एकाचं बीपी ८० वर आलेलं, त्यात मागे दोन विद्यार्थिनी उभ्या. मी काय शिकवणार? बघा म्हणायचे. त्या बघायच्या.

गरीब_नेफ्रो

सिस्टरांच्या शेवटच्या परिच्छेदाला शंभर वेळा अनुमोदन. मी नेफ्रॉलॉजिस्ट, मराठवाड्यात. एमबीबीएस, मग एमडी मेडिसिन, मग तीन वर्षं डीएम असं करत करत चाळिशीजवळ आल्यावर माणूस या धंद्यात पडतो, आणि पडला की बहुतेक मुंबई-पुण्यातच पडतो. त्यामुळं तालुक्याच्या सेंटरला खरा डॉक्टर म्हणजे टेक्निशियनच असतो, हे उघड कुणी म्हणत नाही. २०१६ च्या बजेटमध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, जिल्हा रुग्णालयांत मशिनं आली, फुले जनआरोग्य योजनेतून पैसे मिळायला लागले, हे सगळं उत्तमच झालं, पूर्वी माणसं जमीन विकायची आणि चार महिन्यांत डायलिसिस सोडून घरी मरायची, ते मी बघितलंय. पण मशिन टेंडर काढून येतं, माणूस तसा येत नाही ना.

तुमच्या वहीत माझ्याकडून एकच पान. ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन. पेशंट वजनकाट्यावर उभा राहतो, ४ किलो वाढलंय, नवीन मुलगा मशिनला ४ लिटर काढायला लावतो, हिशोब झाला. अडीच तासांनी पेटके, उलटी, बीपी गायब. पाणी काढायचा वेग तासाला, किलोमागे, १३ मिलीच्या वर गेला की हृदयाला त्रास होतो हे मानलं जातं. ५० किलोच्या बाईचे चार तासांत त्या हिशोबाने २६०० मिली होतात, ४ लिटर नव्हे. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे काट्यावरचं वजन म्हणजे पाणीच असं नाही. बाई दोन महिन्यांत नीट जेवायला लागली, अंगावर मांस चढलं तर ड्राय वेट वाढवायला पाहिजे, आणि आजारपणात खंगली तर कमी. हे बघायला पायाची सूज, मानेची शीर, रात्री आडवं झोपता येतं का, हे विचारायला लागतं. मशिनला ते येत नाही.

रानमांजर

एक वेगळा प्रश्न विचारू का, माझ्या भावाला ७ एमएमचा किडनी स्टोन आहे, पानफुटीचा रस घेतला तर

चिंचगूळ

@रानमांजर तुम्ही वेगळा धागा काढा ना प्लीज. आणि रसाआधी सोनोग्राफी डॉक्टरला दाखवा.

पाणीवाला

बायोमेडिकल इंजिनिअर आहे. अपेक्षेप्रमाणे अजून पाण्यावर कुणीच बोललं नाही, कारण पाण्याची खोली मागच्या बाजूला असते आणि तिथं झाडू ठेवलेले असतात.

मिनिटाला ५०० मिली डायलिसेट, म्हणजे डायलिसिसचं द्रावण, चार तास, म्हणजे १२० लिटर पाणी एका बैठकीला पेशंटच्या रक्ताशेजारनं वाहतं, मध्ये फक्त एक पातळ पडदा. आपण पितो ते पाणी पोटातनं गाळून येतं, इथं गाळणीच नाही. १९९६ साली ब्राझीलमध्ये कारुआरू नावाच्या गावी एका सेंटरला टँकरचं पाणी आलं, त्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष होतं, ५० च्या वर पेशंट गेले. डायलिसिसला बसायला आलेली माणसं, यकृत निकामी होऊन गेली.

आपल्याकडचं सांगतो. जून-जुलैत नदीला गढूळ पाणी आलं की नगरपालिका, ग्रामपंचायत टीसीएल पावडर सढळ हातानं टाकते, टाकायलाच पाहिजे, कॉलरा नको म्हणून. ते क्लोरीन अडवायला आरओच्या आधी कार्बनचे टँक असतात, आणि कार्बन कधीतरी दमतो. क्लोरीन किंवा त्यापासून बनणारं क्लोरामाइन रक्तात गेलं की तांबड्या पेशी फुटतात, पेशंट काळानिळा पडतो, लघवी होत असली तर कोकमच्या सरबतासारखी. एकूण क्लोरीन लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर नको. टेस्टची पट्टी दोन मिनिटांचं काम आहे, प्रत्येक शिफ्टच्या आधी. मी एका सेंटरला सर्व्हिसला गेलो होतो, नाव सांगत नाही, रजिस्टरमध्ये महिनाभराच्या नोंदी एकाच पेननं एकाच बैठकीत भरलेल्या, रविवारच्या पण. सेंटर रविवारी बंद असतं.

सुईदोरा, पोराला पहिला आठवडा पाण्याच्या खोलीत बसवा. टेस्टच्या पट्टीचा रंग बदलला तर शिफ्ट थांबवायचा अधिकार त्याला आहे, मालकाला न विचारता, हे सांगा. तो अधिकार नसेल तर पट्टी विकत आणू नका.

सुईदोरा

आई गं, रविवारची नोंद. मी आत्ता उठून आमचं रजिस्टर बघून आले. बरं आहे. जवळजवळ बरं आहे.

ओहायोकर

मी क्लीव्हलंडजवळ असते, इथे आधी पेशंट केअर टेक्निशियन होते, आता नर्स. फरक सांगते, कौतुक म्हणून नाही. इथे बारावी झालेला कुणीही टेक्निशियन म्हणून लागू शकतो, म्हणजे डिग्रीचा बाऊ तुमच्यापेक्षा कमीच आहे. पण केंद्र सरकारचा नियम आहे की नोकरीला लागल्यापासून १८ महिन्यांत सर्टिफिकेशनची परीक्षा पास व्हायलाच लागते, नाहीतर पेशंटला हात लावता येत नाही. म्हणजे आधी काम आणि मग परीक्षा, तुमच्याकडे आधी परीक्षा आणि मग काम कधीतरी. मला पहिले काही आठवडे एक प्रिसेप्टर होती, म्हणजे शिकवणारी सिनियर, आणि ती माझ्यासोबत असताना तिच्या नावावर पेशंट कमी असायचे. हे सगळ्यात महत्त्वाचं होतं, सिस्टर म्हणतायत तेच.

पण इथेही सगळं गोड नाही हां. टेक्निशियन टिकत नाहीत, पगार कमी, पहाटे चारला शिफ्ट, एकाला चार-चार पेशंट. सर्टिफिकेट भिंतीवर असलेला माणूस पण घाईत हात न धुता पुढच्या पेशंटकडे जातोच.

बिनधास्त_बोल

सगळे गोड गोड बोलतायत म्हणून मी कडू बोलतो. मी टेक्निशियन होतो, सोडलं. आता मेडिकल दुकान आहे. कारण पगार. रात्रंदिवस काम करून हातात जे पडायचं त्यात माझा मित्र कुरिअर टाकून जास्त कमवत होता. तुम्ही पोराला तीन महिने घासणार, तो तयार होणार, मग गल्फचा इंटरव्ह्यू देऊन निघून जाणार, आणि जाऊ दे, माझ्याकडून शुभेच्छा. २०२१ ला अलाइड हेल्थवाल्यांचा कायदा झाला, डायलिसिसवाले त्यात आहेत, रजिस्ट्रेशन, कौन्सिल सगळं कागदावर आलं, चांगलं आहे, लॅमिनेटवाल्या दुकानांना थोडा चाप बसेल. पण रजिस्टर झालेल्याला पगार किती हे कायद्यात नाही.

गरीब_नेफ्रो

@बिनधास्त_बोल कडू आहे पण चूक नाही. फक्त एवढंच म्हणेन, तो गेला तरी जाईपर्यंत जे शे-दोनशे डायलिसिस करेल ते नीट करून जाईल.

ताटवाटी

मी आहारतज्ज्ञ. माझी तक्रार टेक्निशियनवर नाही, आमच्याच शिक्षणावर आहे. आमच्या किडनीच्या डाएट चार्टमध्ये इडली, सफरचंद, ब्रेड. आमचा पेशंट आषाढी एकादशीला काय खातो ते चार्ट करणाऱ्याने बघितलंच नाही. रताळं, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याचा कूट, खजूर, केळं, वर अशक्तपणा आला म्हणून शहाळं. पोटॅशियमचं अख्खं पंगतीचं ताट! आणि दोन डायलिसिसमधला मोठा गॅप नेमका त्यातच आला तर हृदय बंद पडायला तेवढं पुरतं. उपवास करू नका म्हटलं तर ते तुम्हाला सांगायचं बंद करतात, एवढंच होतं. त्यापेक्षा सांगायचं की भगर खा, साबुदाणा खा पण कूट चमचाभर, बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडून पाणी फेकून द्या, शहाळं अजिबात नाही.

अजून दोन गोष्टी. सैंधव खाल्लं की चालतं हा समज, ते पण सोडियमच आहे. आणि बाजारात ते कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं, बीपीवाल्याला ठीक असेल, आपल्या पेशंटला विष. आणि डायलिसिस सुरू व्हायच्या आधी डाळ कमी करायला सांगितलेलं असतं ते पुढंही तसंच चालू राहतं, कुणी बदलतच नाही, खरं तर डायलिसिस सुरू झालं की प्रोटीन वाढवायला लागतं. मी स्वतः एका सिस्टरना पेशंटला "डाळ बंद म्हणजे बंद" असं ओरडताना ऐकलंय.

पाऊसवेडी

ताटवाटी, भगरीची आमटी शेंगदाण्याशिवाय कशी करायची ते पण सांगा, धागा पुन्हा रेसिपीकडे नेते, सॉरी

माझ्याकडून गंभीर मुद्दा एकच. नवरा पोटाच्या डायलिसिसवर आहे, सीएपीडी, घरीच, दिवसातून चार पिशव्या दोन-दोन लिटरच्या. आम्ही कोकणात आडगावात, डायलिसिस सेंटर गाठायचं तर दिवस जातो. हे असतं हेच आम्हाला आठ महिने कुणी सांगितलं नव्हतं, गावच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले ऐकलंय पण बघितलं नाही. मला शिकवलं एका नर्सने, पाच दिवस, आणि पाचव्या दिवशी तिने मलाच तिला शिकवायला लावलं, मी चुकते कुठे ते बघायला. पिशवी गढूळ आली की त्याच दिवशी फोन, दुसऱ्या दिवशी नाही, हे तिने दहा वेळा म्हणवून घेतलं. तीन वर्षांत एकदाच इन्फेक्शन झालं. शिकवणं म्हणजे काय ते मला त्या बाईमुळे कळलं.

सुईदोरा

पाऊसवेडी, तुमच्या प्रतिसादावर मी दोन दिवस अडकले. उलटं शिकवायला लावायचं. तिथनंच सुचलं ते सांगते, आणि आता तीन आठवडे झालेत म्हणून सांगते.

मॅनेजमेंटशी भांडले. दुपारच्या शिफ्टला माझ्या नावावर चारऐवजी दोनच पेशंट, पोरगा सोबत असेपर्यंत. ते म्हणाले तीन महिने, मी म्हटलं सहा, शेवटी चारवर तुटलं. पहिला आठवडा तो पाण्याच्या खोलीत, पट्टी, नोंद, वेळ. झाडू बाहेर काढले. दुसऱ्या आठवड्यात सलाईनच्या सेटची नळी स्पंजखाली घालून वर जुना हातमोजा ताणला आणि त्यावर सुया टोचायला लावल्या, एकाच जागी नाही, शिडीसारखं वरवर जात, म्हणजे एकाच ठिकाणी टोचून फुगा यायला नको ही सवय आधीच लागते.

आणि बंड्या, तुमचं वाक्य डोक्यातनं जात नव्हतं म्हणून मी सकाळच्या शिफ्टला सगळ्या पेशंटना सरळ विचारलं की नवीन मुलगा आहे, मी शेजारी उभी राहणार, एकदाच टोचू देणार, नाही जमलं तर मी करणार, कोण तयार आहे? कुणी नाही म्हटलं तर राग नाही. तिघं तयार झाले. त्यातले एक आजोबा, रिटायर्ड प्राथमिक शिक्षक, नऊ वर्षं डायलिसिस, फिस्टुला दोरखंडासारखा. ते म्हणाले मी तयार आहे पण आधी परीक्षा घेणार.

मग ते आले की दरवेळी दहा मिनिटं. पोराला डोळे मिटायला लावायचे आणि हात फिस्टुलावर ठेवायला सांगायचे, थरथर कुठं सुरू होते, कुठं संपते, गेल्या वेळी होती तशी आहे का. कानाला स्टेथो लावून आवाज कसा आहे ते तोंडानं काढून दाखव म्हणायचे, आणि तो घू घू घू करायचा आणि अख्खी शिफ्ट हसायची. काल पहिल्यांदा सुई दिली. पोराच्या कपाळावर घाम, आजोबा छताकडं बघत पाढे म्हणत होते, सतराचा. एकशे दोनपर्यंत आले तोवर रक्त आलं लाइनीत.

माईंचा_बंड्या

ताई, आईला वाचून दाखवलं. म्हणाली त्या पोराला म्हणावं डाव्या हाताला वरच्या बाजूला शीर वळते, तिथं जपून. मी म्हटलं अगं तो सांगलीला आहे. तर म्हणाली मग आपल्या इथल्याला सांग.

पाणीवाला

झाडू परत आत गेले नाहीत ना, एवढंच कळवत राहा.